गोल पानांची निलगिरी

मॉर्वेनाची नवऱ्याबद्दल एकच तक्रार उरली होती, आणि ती ऐकायला नवरा उरला नव्हता.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा चांदीचं काहीतरी द्यायचं म्हणून डेन्झिलने निलगिरीचं रोप आणलं होतं. बटणांसारखी गोल, चंदेरी पानं. चर्चमध्ये फुलं सजवायची तिची पाळी आली की त्या पानांखेरीज दुसरं काही लागायचंच नाही. मग झाड छपराच्या वर गेलं आणि पानं लांब, विळ्यासारखी, हिरवट झाली. भोळ्या डेन्झिलला कुणीतरी भलतंच रोप गळ्यात मारलं, अशी तिची खात्री होती.

यंदाच्या वादळात झाड घराकडे कललं. मार्चअखेरीस तिची नणंद लव्हडे करवत घेऊन आली. बड्या घराच्या बागेत माळीकाम करण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती.

"छपरावर पडू द्यायचं की कापायचं? बोल पटकन, माझी कंबर दुखतेय."

"डेन्झिलने लावलेलं झाड आहे, लव्हडे."

"माझाही भाऊच होता तो."

मॉर्वेना बुंध्याजवळचं गवत उपटत बसली. तिथे गवत कापायच्या यंत्राने साल खरवडली होती. त्या जखमेशी वीतभर कोंब होता. गोल, चंदेरी पानांचा.

"अगं, हे बघ! इथे कुणी दुसरं रोप लावलं?"

"मूळ दाखव त्याचं."

तिने माती उकरली. मूळ नव्हतंच. कोंब खोडातूनच आला होता.

"म्हणजे हे याच झाडाचं?"

"मग काय शेजारणीचं? कोवळेपणी गोल, थोराड झालं की लांब. डेन्झिलचं तोंड नव्हतं का झालं तसं?"

"दरवर्षी छाटलं असतं तर?"

"तर गोलच राहिलं असतं. सांगितलं होतं मी त्याला. म्हणाला, तिचं झाड आहे, कात्री लावायची नाही."

मॉर्वेनाने कोंबाच्या एका पानावरून बोट फिरवलं.

"आता छाटलं तर फुटेल?"

"खोड जुनं झालंय. फुटेल, नाहीतर मरेल. हा कोंब आहे म्हणून थोडी आशा."

"दे ती करवत."

आधी दोघींनी दोर बांधून वरचा भार उतरवला, मग गुडघ्याइतकं खोड ठेवून झाड आडवं केलं. सालीच्या पट्ट्या सुटल्या. आत मलईचा, राखाडी, फिकट गुलाबी रंग. हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

एप्रिलमध्ये तो कोंब वाळला. मॉर्वेना रोज सकाळी चहाचा मग घेऊन खुंटापाशी ओणवी व्हायची, आत हिरवं आहे का बघायला नखाने साल टोकरायची.

"टोकरू नकोस," लव्हडे कुंपणावरून ओरडायची. "अंडी उबवतेयस का?"

जूनमध्ये एका सकाळी सालीवर लाल पुटकुळ्या दिसल्या. रोग असेल म्हणून ती घाबरली. चार दिवसांनी त्यांतून इवलीइवली पानं उलगडली, जोडीजोडीने. गोल.

त्या रविवारी चर्चमध्ये फुलांची पाळी तिची होती. तिने एकही पान तोडलं नाही. खुंटाशी बसून तेवढं म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस, मेल्या. मी छाटायला हो म्हटलं असतं."