पपांचं बोलणं

पपांना झटका आला त्याला आठ महिने झाले होते. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायचे. सुरुवातीला तोंडातून एखाद-दोन शब्द यायचे, पुढे तेही थांबले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचा परत येईलच असं नाही, झुनिल्दा. मनाची तयारी ठेवा."

मी ठेवली. आई कधीच गेलेली आणि मी एकुलती एक. राजधानी असुन्सिऑनमधलं शिवणकाम सोडून मी गावी राहायला आले होते. त्यांची आंघोळ, दाढी, उकडलेला कसावाचा कंद कुस्करून भरवणं, सगळं मीच करायची. पपांनी जन्मभर खोगिरं शिवली, आणि आता मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते.

त्या मंगळवारी गोळ्या आणायला दवाखान्यात गेले, तर औषधांची खिडकी बंद. अर्ध्या तासात परत आले. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मागच्या अंगणातून एका पुरुषाचा आवाज आला. अडखळत, पण सलग.

"मालक म्हणाला... खोगीर चुकलंय. मी म्हटलं... घोडा बदल."

शेजारची सेफेरिना खळखळून हसली. मला वाटलं कुणी पाहुणा आलाय. मग तो आवाज ओळखला. पपांचा होता. ओट्याला धरून उभी राहिले.

"मग झुनिल्दाशी का बोलत नाही तुम्ही?" सेफेरिनानं विचारलं.

उत्तराची घाई न करता ती टेरेरेचा थंड काढा नळीनं ओढत राहिल्याचा आवाज तेवढा येत होता.

"ती... फार चांगली," शेवटी पपा म्हणाले. "नर्स आहे. माझी पोरगी... कुठे गेली... कळत नाही."

कुणीतरी कानफटात मारावी तसं झालं मला. तशीच अंगणात गेले. आंब्याखाली दोघं बसले होते. पपांनी मान खाली घातली.

"किती दिवस चाललंय हे?" मी सेफेरिनाला विचारलं.

"ईस्टरपासून."

"चार महिने? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"त्यांनीच सांगू नको म्हटलं, बाई. आणि तू कधी बसलीस इथे? दारातूनच विचारतेस, गोळी घेतली का म्हणून."

मी पपांकडे वळले. "पपा, का?"

"तू..."

"मी काय? ओरडते? जेवण आवडत नाही? का मी इथे आले तेच आवडलं नाही?"

पपांचं तोंड मिटलं. सेफेरिनानं माझं मनगट धरलं. "हे बघ, हेच. जरा गप्प बस की."

मी गप्प बसले. केवढा वेळ गेला. कपाळावर घाम आला त्यांच्या.

"शब्द... माझ्या तोंडातले," पपा म्हणाले. "गिळतेस... तू."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या मिटल्या तोंडाकडे बघून मी रोज रडत होते आणि हे अंगणात गप्पा मारत होते, या रागानं मला घास उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढीचं सामान घेऊन गेले, तर त्यांनी डावा हात पुढे केला.

"दे."

वस्तरा दिला आणि समोर बसले. हनुवटीला दोनदा कापलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. चाळीस मिनिटं लागली. तोंड पुसून झाल्यावर ते म्हणाले, "तुझी... आई..."

आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत पपांनी तिचं नाव काढलं नव्हतं. काय ते विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"तिलाही... असंच. मी... बोलू दिलं नाही."

मी बघत राहिले. हे त्यांच्या तोंडून कधी ऐकेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांचं अजून संपलं नव्हतं.

पुढचं सांगायला त्यांना रविवार उजाडला. नदीपलीकडे आईची बहीण राहायची. तिला भेटायला जायचं आईच्या मनात होतं. ती विषय काढायची, आणि पपा तिचं वाक्य तोडून म्हणायचे, कळलं, बघू. आई गेली, ते जाणं राहूनच गेलं. एवढंच सांगायला त्यांना तीन दिवस लागले. मी कसावा सोलत ऐकत होते.