गेंदाच्या डबक्याला पाडलेला चर

मित्रांनो, मी कातळावरचा गेंद. घराणं फार जुनं, उंची मात्र वीतभर, तीही टाचा उंचावून. आमचे एक पणजोबा इतके उंच होते की बेडूक त्यांच्या सावलीत दुपारची झोप काढायचा. बेडूक केवढा होता ते विचारू नका.

डिंभे धरणाच्या वर, डोंगरात, कातळाच्या फटीतून पाणी पाझरून बोटभर मातीत साचतं. तिथे आमचा संसार. तळाशी पात्यांचा झुबका, वर दोऱ्यासारखा देठ, टोकाला पांढरी गुंडी. लोक गुंडीला एक फूल समजतात. अहो, तीत नर-मादी मिळून चिक्कार फुलं दाटीवाटीने बसलेली असतात. पण ती दिसायला वाकावं लागतं, आणि वाकायला वेळ कुणाला आहे?

बी पिकेपर्यंत पायाशी पाणी हवं, एवढंच आमचं मागणं. मग आम्ही खुशाल वाळतो. बी चिखलात पुढच्या पावसाची वाट बघतं.

त्या वर्षी दसरा झाला तरी बी कच्चंच होतं. अवसरी बुद्रुकचे सोपानराव एम-एटीवरून आले. कांद्याच्या लागणीला माणसं न्यायची होती. कातळाखालच्या घरातला जानकू माणसं जमवून द्यायचा, पण तो रानात गेलेला. म्हणून थांबले, आणि वेळ काढायला कातळावर चढून आमच्यापाशी आले. रिकामा बसलेला बागायतदार फार वाईट, मित्रांनो.

"डोंगरातबी कांदा? फुलाचे डेंगळे लई आलेत राव. पण मुळात पाणी तुंबलंय. सडंल समदा."

आमच्यातले चार उपटून त्यांनी हुंगले. वास नाही. "थंड हवंनं वास गेला आसंल," म्हणाले, आणि जानकूवर उपकार म्हणून त्याच्याच कुदळीने कड फोडून चर पाडला.

पाणी निघालं. आमच्या माना लवल्या. ओरडावं तर तोंड कुठे आहे?

ते पाणी थेट खालच्या खळ्यात शिरलं. जानकूच्या बायकोने, भागूबाईने, खळं सकाळीच शेणाने सारवलेलं. ती पदर खोचून वर आली.

"पावणं, ह्यो काय उद्योग?"

"मावशी, तुमचा कांदा वाचवतोय."

"कांदा? डोळं हायेत का बटनं? गवत हाय ते. माझं खळं धुऊन नेलं तुमी. आदी बुजवा, मग माणसं मागा."

सोपानरावांनी त्याच कुदळीने चर बुजवला. पाणी हळूहळू साचलं. बी पिकलं, चिखलात पडलं.

म्हणजे आमचं घराणं वाचलं ते एका खळ्यापायी, आणि वर गवत ठरून. मित्रांनो, आमची काळजी घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही. काळजी घेणाऱ्यांचाच मी धसका घेतला आहे. कातळावर आलात तर वाका, डोळे भरून बघा, आणि हात मागे बांधून घरी जा.