दूधगंगेच्या पुलावर

“गाडी इथनंच माघारी घ्या. पलीकडं महाराष्ट्राच्या गाड्यांना काळं फासायला लागल्यात,” हवालदारानं काठी आडवी धरली.

भीमरावांनी स्वारगेट–बेळगाव एसटी कर्नाटक सीमेवरच्या पुलाच्या अलीकडे उभी केली. एकोणीस वर्षं ते या मार्गावर होते. रस्ता दोन पदरांचा चार पदरी झालेला त्यांनी पाहिला आणि बेळगाव कोणाचं, यावरून अधूनमधून बंद पडतानाही पाहिला. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते.

मागून राजनंदिनी धावत आली. खराडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असलेली, बेळगावची मुलगी. “काका, तीन वाजता बाबांचं हार्टचं ऑपरेशन आहे. प्लीज, काहीतरी करा ना.”

पुलापलीकडे पुण्याला निघालेली कर्नाटकची बस सकाळपासून अडकली होती. तिला अलीकडे यायची तीच भीती. तिचा ड्रायव्हर भीमरावांना दिवसाआड कराडजवळ समोरून भेटायचा. दोघे हात वर करत आणि पुढे जात. नाव मात्र ठाऊक नव्हतं.

भीमराव खाली उतरून पुलाकडे निघाले.

“अहो, कुठं? वरनं ऑर्डर नाही.”

“गाडी नेत नाही, साहेब. चालायला अजून परमिट लागत नाही ना?”

हवालदार हसू दाबत बाजूला झाला.

पलीकडचा ड्रायव्हर त्यांना पाहून उठलाच.

“मी भीमराव. पुण्याचा, धायरीचा.”

“मी ईरण्णा. एवढी वर्षं झाली, आज नाव कळालं बघा.”

“तुमची माणसं मला द्या, माझी तुम्ही घ्या. दोघं गाड्या वळवू.”

“आमचे साहेब रागावतील की हो.”

“माझं नाव सांगा. मी महिन्याभरात घरी बसणार आहे.”

“तुमचं कशाला? गाडी माझी हाय. चला.”

भर उन्हात, बोचकी-पिशव्या सावरत, दोन्ही बसमधली माणसं पुलावर एकमेकांना ओलांडून गेली. राजनंदिनीची बॅग भीमरावांनी स्वतः उचलली.

साताऱ्याच्या अलीकडे कंडक्टर अनंतचा मोबाइल वाजला. उतरताना नंबर घेऊन गेलेल्या राजनंदिनीचा फोन होता; बाबांना आत न्यायच्या आधी ती भेटली होती. “बरं झालं,” भीमराव म्हणाले.

संध्याकाळी स्वारगेटला सगळ्यांत शेवटी एक कानडी आजी उतरली. भीमरावांचा हात धरून ती बोलायला लागली. एकोणीस वर्षांत त्यांनी चार कानडी शब्द शिकले होते. त्यातला एकही तिच्या बोलण्यात येत नव्हता. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. तिचं सांगून संपेपर्यंत भीमराव टोपी काढून उभे राहिले.