पूर्ण क्षमतेचा मुहूर्त

वर्षाली भोयर एका वीजवहन कंपनीच्या सिंदी मेघेतल्या नियोजन कक्षात अभियंता होती. हिंगणीच्या अलीकडे कंपनीचं नवं डीसी केंद्र उभं राहिलं आणि ते जोडल्यावर विजेचं जाळं स्थिर राहील का, हे तपासायचं काम तिच्याकडे आलं. दूरच्या सौर प्रकल्पांची वीज डीसी तारांवरून इथवर येणार आणि इथे तिची एसी होऊन जिल्ह्यात जाणार. अडचण अशी की हे बदल करणारं यंत्र स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. आजूबाजूच्या एसी लाइनी त्याला धरून ठेवतात. इथे अशा लाइनी दोनच होत्या. त्यातली एक बंद पडली की यंत्र अडखळतं आणि सगळ्यांना घेऊन खाली बसतं, हे तिने सात वेळा गणित करून पाहिलं. तिसरी एसी लाइन होईपर्यंत डीसी निम्म्या भारावर चालवा, असं तिने अहवालात लिहिलं.

अहवाल पुंडलिकरावांकडे गेला. ते अधीक्षक अभियंता. एसीबद्दल त्यांचं ठाम मत एकच होतं, तो चोवीसवर ठेवावा. कोनशिलेचा मजकूर त्यांनी आधीच कोरायला धाडला होता : ‘पूर्ण क्षमतेने कार्यान्वित’. दगडावर कोरलेलं निम्मं कसं करायचं, हा त्यांचा तांत्रिक मुद्दा होता.

“लाइन बंद पडणारच नाई असं धरून चाल नं,” ते म्हणाले.

“सर, कधीतरी पडणारच. त्याच्यासाठीच तर अभ्यास करतो आपण.”

“मंग कार्यक्रमानंतर पडन. तेवढं धर.”

तसं धरून केलेल्या अहवालावर वर्षालीने सही केली नाही. पुंडलिकरावांनी एका सल्लागाराकडून नवा अहवाल आणवला. त्यात दोनपैकी एक लाइन जाण्याची शक्यताच नव्हती, आलेख हिरवे होते आणि ‘स्थिर’ हा शब्द चौदा वेळा आला होता. तिने आपला मूळ अहवाल आवक विभागात देऊन त्यावर तारखेचा शिक्का घेतला.

उद्घाटन एप्रिलमध्ये, भर दुपारी झालं. पाहुण्यांनी कळ दाबली, डीसी पूर्ण भाराने सुरू झाली, मग भाषणं सुरू झाली. तीन किलोमीटरवर प्रभाकरराव नावाच्या शेतकऱ्याने आपल्या वावरात कापसाच्या वाळक्या पराट्या पेटवल्या होत्या. धूर वरच्या तारांपर्यंत चढला, तारांमध्ये ठिणगी उडाली आणि एक एसी लाइन बंद पडली. यंत्र अडखळलं. पाहुणे तेव्हा ‘अखंड’ म्हणत होते. त्यातला ‘ड’ माइकमधून आलाच नाही. सेलूपासून पुलगावपर्यंत पंखे थांबले.

पुंडलिकराव धावत नियंत्रण कक्षात आले आणि पाहुणे मंडपात आहेत तोवर डीसी चालू कर, असं ऑपरेटर निकेशला सांगू लागले. निकेशने शेजारी पडद्यापाशी उभ्या असलेल्या वर्षालीकडे पाहिलं. तिने पडद्यावरच्या बंद लाइनीवर बोट ठेवलं.

“आधी एसी. दोन्ही लाइनी उभ्या राहू दे. डीसी मागून, अन् निम्मीच.”

“अधीक्षक अभियंता मी आहो,” पुंडलिकराव म्हणाले.

“हो सर. यंत्राले माहीत नाई नं ते.”

पाऊण तासात वीज आली. पाहुणे तोवर निघून गेले होते.

चौकशी समिती बसली, अध्यक्ष पुंडलिकराव. समितीला दोषी सापडला तो पराट्यांचा ढीग. प्रभाकररावांना नोटीस गेली. रविवारी वर्षाली त्यांच्या वावरात गेली, तेव्हा त्यांनी खिशातून ती काढून दाखवली.

“मॅडम, एका काडीनं जिल्हा बंद पाडन, एवढा मोठा माणूस हाओ काय मी?”

वर्षालीने पिशवीतून कोरा कागद काढला. बांधावर बसूनच तिने त्यांना माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून दिला. कोणता अहवाल मागायचा आणि त्यावरची कोणती तारीख पाहायची, तेही सांगितलं. महिन्याने कागद आले आणि त्या आठवड्यात नोटीस ‘टंकलेखनातील चूक’ म्हणून मागे घेतली गेली. अर्ज कोणी लिहिला, हे कोणीच विचारलं नाही. वर्षालीची बदली तेवढी पुलगावच्या भांडारात झाली, इन्सुलेटर मोजायला.

पावसाळ्यात निकेशचा फोन आला. पुंडलिकरावांनी एका परिषदेत एसी-डीसी समन्वयावर भाषण दिलं म्हणे, आलेख तिचेच होते. एक उलटा लागला होता, पण टाळ्या पडल्या. वर्षाली बराच वेळ हसली. मग तिने डीसीवर सध्या भार किती ठेवलाय ते विचारलं.

निम्माच, असं तो म्हणाला. तिने फोन ठेवला आणि डबा उघडला.