चौथी मेणबत्ती आणि लाल पेन

दौलत साळव्यांनी छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधन केलं. निवृत्त झाल्यावर त्यांना सगळं जगच कच्चं प्रूफ वाटू लागलं आणि ते जगावर तसेच खेकसू लागले.

आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांत, येणाऱ्यासाठी आधी मन झाडून घ्यावं, असं पाळकसाहेब दरवर्षी सांगत. दौलतराव दरवर्षी राग सोडायचा नेम धरत. दर रविवारी एक मेणबत्ती लावायची, पण पुढची पेटणार ती आठवडा न चिडता गेला तरच. ही अट बायकोची, सुभद्राबाईंची. गेल्या वर्षी पहिली मेणबत्ती लावली आणि तिसऱ्या दिवशी भायखळ्यात एका खानावळीवर ‘शुध्द शाकाहारी’ अशी पाटी दिसली. ‘शुद्ध’च अशुद्ध! दौलतरावांनी मालकाला हात धुऊ न देता बाहेर बोलावलं. उरलेल्या तीन मेणबत्त्या वर्षभर फ्रिजवर पडून राहिल्या. चारही एकत्र पेटलेल्या सुभद्राबाईंनी उभ्या संसारात पाहिल्या नव्हत्या.

यंदा तीन पेटल्या. दौलतराव स्वतःच बिचकले होते.

तशात शुक्रवारी जिन्यात चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी निलेश भेटला.

“काका, खिडकीत स्टार बिर? कसली तयारी?”

“आगमनाची.”

घोडपदेवातल्या चाळीत आगमन म्हणजे गणपतीची वाजतगाजत येणारी मूर्ती; तिथे हा शब्द जपून वापरायचा असतो. निलेशचे डोळे चमकले.

“आधी नाय सांगायचं? मूर्ती किती फुटी?”

“अरे, बाळ आहे ते. गोठ्यातलं.”

“म्हणजे छोटी ट्रॉली. टेन्शन नको काका, गणपतीला तुम्ही वर्गणी देता, आता आमची पाळी.”

दौलतरावांनी समजावायला तोंड उघडलं, पण समजावताना आवाज चढतो हा अनुभव होता. म्हणून मिटलं.

चौथ्या रविवारी उपासनेहून दोघं परतले, तर चाळीच्या दारात मंडप, तीस ढोल आणि वर आडवा बॅनर. ‘येशूबाप्पांचा भव्य आगमण सोहळा. आर्शिवाद : दौलतकाका साळवे. शुभेच्छूक : समस्त चाळकरी.’ बाजूला दौलतरावांचा हात जोडलेला फोटो, साठीच्या सत्काराचा.

सुभद्राबाईंनी नवऱ्याच्या कानाकडे पाहिलं. कान लाल व्हायला लागले की पाच सेकंद उरतात.

“कसा वाटला, काका?” निलेश म्हणाला. “बाप्पा शब्द मीच टाकला. एकदम घरचा वाटतो.”

दौलतराव वर गेले, स्टूल आणि जाड लाल पेन घेऊन आले, स्टुलावर चढले. ‘ण’चा ‘न’ केला. मग थांबायला हवं होतं. पण ‘आर्शिवाद’ समोर होता. तो ‘आशीर्वाद’ झाला, ‘छू’चा ‘छु’ झाला, अपूर्णविरामाआधीची मोकळी जागा मिटवायची खूण झाली, आणि समासात सवयीने ‘पुन्हा दाखवा’ असंही लिहून झालं.

“भारी!” निलेश म्हणाला. “डिझाइन वाटतं. बरं काका, विसर्जन कधी?”

ढोल थबकले. कान पुन्हा लाल झाले.

“यांचं विसर्जन नसतं रे,” दौलतराव स्टुलावरून हळूच म्हणाले. “हे राहायलाच येतात.”

निलेशने डोकं खाजवलं. “मग मंडपाची परवानगी वाढवून घ्यायला लागेल.”

संध्याकाळी चौथ्या मेणबत्तीपुढे सुभद्राबाई काडेपेटी धरून बसल्या. खाली पथक ‘हळू वाजवतो’ असं सांगून जोरात वाजवत होतं.

“चिडलात का?”

“एक शब्द तरी चढ्या आवाजात बोललो का?”

“बोलला नाहीत. पण लाल पेन कशाला?”

“निळं संपलं होतं.”

सुभद्राबाईंनी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. निळं पेन तिथेच होतं, सकाळी दानाच्या पाकिटावर नाव घालायला वापरलेलं. दौलतरावांनी खिशावर हात ठेवला. प्रार्थनेत ठेवतात तसा.

सुभद्राबाईंनी काडी ओढली. चौथी वात जरा कुरकुरली आणि धरली.

“राग नव्हता, हे मान्य,” त्या म्हणाल्या. “खोटं सोडायचा नेम पुढच्या वर्षी.”