भेगेवरची काच

जावयाने हौसेने तिकिटं काढली म्हणून मी त्याच्या नि लेकीबरोबर राजवाड्यातलं ते नव्या कलेचं प्रदर्शन बघायला गेलो. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस मी. उलटी टांगलेली खुर्ची दाखवून मला कोण गंडवणार?

दरबाराच्या दालनात मात्र एका भिंतीपुढे गर्दी होती. भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग आणि भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी. लोक फोटो काढत होते. शेजारी नावाची पाटी नव्हती, तिथेच मला शंका आली. मी पुढे सरकलो.

"आजोबा, कलाकृतीला हात लावू नका," रखवालदार खेकसला.

"डोंबलाची कलाकृती! अशी काच आम्ही गवंडी लावतो, भिंत सरकतेय का ते कळायला. भिंत हलली की काच तडकते."

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, हळू बोला ना!"

जावई काचेला नाक लावून उभा होता. "काय नाजूक काम आहे! मधोमध केसाएवढी रेघ आहे. काय अर्थ असेल हो तिचा?"

मी दोघांचे दंड धरले. "आधी बाहेर पळा, मग सांगतो."