दहाची टाकी

पाचही बिअर माझ्याच हातच्या. त्यातली एक बंद करायची असं धाकटा भाऊ बोरेक म्हणाला, तेव्हा मीही तावातावाने हो म्हटलं. ब्रनो शहराहून चवतज्ज्ञ हावर्लांट येणार, पाचही चाखून गुण देणार. सर्वांत कमी गुण मिळतील तिची टाकी रिकामी करायची आणि तिथे महागडी बिअर मुरवायची. आमच्याच भर गुत्त्यात, गावासमोर मी शब्द दिला. आमची 'दहा' शेवटची येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

दहा म्हणजे दहा अंशांची बिअर, साधी, सोनेरी, कडवट. गाव तिच्यावरच वाढलंय. पण मुरायला ती सगळ्यांत जास्त दिवस घेते, म्हणून बोरेकच्या डोळ्यांत सलते.

हावर्लांट म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. इवल्याशा पेल्यातून घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, तोंडात घोळवायचा. चौथ्या बिअरला त्यांचा चेहरा उजळला. "पिकलेला आंबा! ओलं गवत! पाचपैकी पाच." शेवटी दहा आली. "ठीक आहे. सांगण्यासारखं काही नाही. दोन."

माझे कान तापले.

"ताई, शब्द दिलायस हं," बोरेक म्हणाला.

"माहितीये. शंभरदा सांगू नकोस."

कोपऱ्यातून लुबोरकाका माझ्या नावाने ओरडले, "द्राहा, मग आम्ही काय प्यायचं गं आता?"

"आंबा प्या, काका."

बोरेकने पाहुण्यांपुढे त्या आंबेवालीचा मोठा ग्लास मानाने ठेवला आणि जेवण वाढलं, डुकराचं भाजलेलं मांस आणि आंबट कोबी. आमच्याकडे जेवणाबरोबर बिअर मागावी लागत नाही. दहा आपोआप येते. ग्लास रिकामा झाला की दुसरा येतो. पुरे झालं तर पुठ्ठ्याची चकती ग्लासवर ठेवायची, नाहीतर येतच राहतो. बोरेकच्या हातांना तीच सवय. त्याने दहा आणून ठेवली.

हावर्लांट आंब्याबद्दल बोलत होते आणि दहा पीत होते. प्रत्येक घोटाला काचेवर फेसाचं एक कडं उरत होतं. पहिला ग्लास गेला, दुसरा गेला, तिसरा आला. आंबेवाली मात्र अर्धी तशीच, फेस मेलेला.

मला आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा. माझ्या बिअरचा निवाडा मी परक्या जिभेवर सोपवलाच कशाला?

मी टेबलाशी गेले. "हावर्लांटसाहेब, ही आंबेवाली संपवताय ना?"

"नको हो, बस झालं. पण उत्तम आहे, उत्तम!"

"मग ठेवा चकती."

त्यांनी चकती उचलून त्या पाच गुणांच्या ग्लासवर ठेवली, आणि दुसऱ्या हाताने दहा तोंडाला लावली. अख्खा गुत्ता खिदळला. तेव्हा कुठे त्यांचं आपल्या हाताकडे लक्ष गेलं.

"गुण वेगळे, तहान वेगळी," ते लाल होत म्हणाले. "मी गुण बदलणार नाही."

"बदला म्हणतंय कोण?" मी बोरेककडे वळले. "शब्द मी मोडतेय. गावासमोर दिला, गावासमोरच मोडते. दहाची टाकी दहाचीच राहणार."

"ताई, लोक काय म्हणतील?"

"शब्द फिरवणारी म्हणतील. म्हणू देत. म्हणतानाही दहाच पितील."

"अगं, हिला पाचपैकी पाच मिळालेत!"

मी तो अर्धा ग्लास चकतीसकट उचलला, चकती बोरेकच्या हातात दिली आणि बिअर मोरीत ओतली. माझ्याच हातची होती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

बोरेक माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघत राहिला. तेवढ्यात हावर्लांटसाहेबांचा ग्लास रिकामा झाला. टेबलावर दुसरी चकती होती, पण तिला त्यांनी हात लावला नाही.

बोरेक तोट्यांकडे गेला आणि त्याने दहा भरली.